भिंत कुणाची, चित्र कुणाचे?

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे भिंतींचे भाग्य उजळते. एरवी वर्षभर जिच्याकडे कुणी वळून पाहत नाही, तिच्यावरची जळमटे निघतात, पोपडे खरवडले जातात, खिळ्यांची भोके बुजविली जातात आणि चुन्याचा किंवा ऐपतीप्रमाणे भारी रंगाचा हात तिच्यावरून फिरतो. अंगणात रांगोळी, ओट्यावर मुलांचा मातीचा किल्ला आणि पाठीमागे नवी कोरी भिंत; सण सण म्हणतात तो याहून वेगळा काय असतो! परंतु या घाईत एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. भिंतीला दोन अंगे असतात. आतल्या अंगाला कोणता रंग द्यावयाचा हे घरातल्या माणसांनी ठरवावे, त्यात वाद नाही. बाहेरचे अंग मात्र रस्त्याकडे तोंड करून उभे असते. घरधनी ते क्वचितच पाहतो. पाहतो तो येणारा-जाणारा. मग त्या बाजूवर हक्क कुणाचा? ज्याने विटा विकत घेतल्या त्याचा, ज्याने रंगाचे पैसे मोजले त्याचा, की जी रोज तिच्यासमोरून डोक्यावर कळशी घेऊन जाते तिचा?

प्रश्न चमत्कारिक वाटेल. तथापि रस्त्यावरच्या भिंती रंगवून समाज बदलू पाहणाऱ्या चित्रकारांचे हल्ली जे कौतुक होते, त्याची पारख करावयाची तर येथूनच आरंभ केला पाहिजे. माझे मत असे की भिंतीवर कोणता उपदेश काढला आहे याला फार महत्त्व नाही. भिंत रंगविताना कुणाला विचारले, कुणाचे चेहरे तिच्यावर चढले आणि काम उरकून चित्रकार निघून गेल्यावर ती भिंत तिथल्या माणसांना आपली वाटली की परकी, यावर सारे अवलंबून असते. हे मत मी चांदवडच्या निमित्ताने मांडणार आहे. भित्तिचित्राच्या कहाणीचे एक टोक या गावात आहे आणि दुसरे टोक जेथे असावयास हवे ती जागाही याच गावात आहे.

नाशिकहून आग्रा रस्त्याने उत्तरेकडे साठ-पासष्ट किलोमीटर गेले की डोंगरांच्या कुशीत चांदवड लागते. एकेकाळी चांदवडी रुपयाने मराठी मुलखात नाव कमावलेले हे गाव. आज बहुतेकांना ते माहीत असते रेणुकामातेच्या देवळामुळे आणि कांद्यामुळे. गावात होळकरांचा वाडा आहे, त्याला रंगमहाल म्हणतात. अहिल्याबाईंच्या नावाशी तो कायमचा जोडला गेला आहे. आत चौक, नक्षीने भरलेले लाकडी खांब आणि भिंतींवर चित्रे. रामायण-महाभारतातले प्रसंग, देव, वीर आणि राजे. अठराव्या शतकातील मराठी चित्रकलेचे जे थोडे अवशेष आपल्या हाती उरले आहेत त्यांत या भिंतींची गणना करावी लागते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात अशीच चित्रे आहेत. मराठेशाहीने तलवार गाजविली, चित्रांकडे तिचे लक्ष नव्हते, असे जे सरसकट म्हटले जाते ते या भिंती पाहिल्यावर मागे घ्यावे लागते.

ही चित्रे होत कशी, हेही थोडे पाहण्यासारखे आहे. युरोपातील फ्रेस्कोमध्ये गिलावा ओला असतानाच रंग भरतात. चुना वाळताना रंगाला पोटात घेतो आणि दोघे एकजीव होतात. आपल्याकडे वाड्यांतून बहुधा गिलावा घोटून गुळगुळीत करावयाचा, तो वाळू द्यावयाचा आणि मग डिंकात किंवा सरसात कालविलेले रंग वर चढवावयाचे अशी रीत होती. गेरू, पिवडी, काजळ, हिंगूळ, नीळ हे त्या कारागिरांचे भांडवल. या रीतीत रेघ बारीक येते, चेहऱ्यावरचा भाव टिपता येतो, दागिन्यातला मोती न् मोती दाखविता येतो. पण रंग भिंतीत मुरलेला नसतो, तो भिंतीवर बसलेला असतो. छप्पर गळले, ओल चढली की खपली सुटते आणि देवाचा मुकुट राहून चेहरा जातो. जुन्या वाड्यांतल्या पुष्कळ चित्रांची गत अशीच झालेली आहे.

आता रसिकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. ही चित्रे होती कुणासाठी? वाडा सरकारी, आत यावयाचे ते मानकऱ्याने, कारकुनाने, फिर्याद घेऊन आलेल्या एखाद्या पाटलाने. बाजाराला आलेली कुणबीण आत येऊन सीतेचे चित्र पाहत उभी राहिली असेल हे संभवत नाही. ज्यांनी हाताने ही चित्रे काढली त्या चिताऱ्यांच्या नावाने वाडा ओळखला जात नाही, आश्रयदात्याच्या नावाने ओळखला जातो. त्या काळची रीतच ती होती; अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातही नाव कोरलेले आढळते ते वाकाटकांच्या वराहदेव या सचिवाचे. या रीतीबद्दल अहिल्याबाईंना बोल लावणे अन्यायाचे होईल. कारण याच बाईंनी काशीपासून दक्षिणेपर्यंत घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभ्या केल्या. १७६७ पासून १७९५ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत रसिकांनी चित्रे जरूर पाहावीत; पण जी वास्तू येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूसाठी मोकळी ठेवली ती त्यांची खरी मोठी कामगिरी, असे मला वाटते. रंगमहालाच्या भिंतींना ते भाग्य तेव्हा मिळाले नाही.

याच्या अगदी उलट टोकाची भिंत पाहावयाची तर नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला घाट उतरून डहाणू-तलासरीकडे वळावे लागेल. तेथे वारल्यांच्या झोपडीत लग्न निघाले की भिंत शेणामातीने सारवून गेरूने लाल करतात आणि सवाशिणी तिच्यावर चौक लिहितात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि बांबूची टोक चेचलेली काडी, एवढीच सामग्री. मधोमध पालघट देवी, सभोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. चौकावाचून लग्न लागत नाही. येथे आश्रयदाता नाही, मानधन नाही, सही नाही. चितारी घरचीच बाई आणि पाहणारेही घरचेच. लग्न होऊन जाते, पावसाळा येतो, चित्र पुसट होते, कुणाला त्याची हळहळ वाटत नाही. पुढच्या लग्नाला पुन्हा भिंत सारवली जाईलच.

या भिंतीने समाज बदलला का? मी या ठिकाणी थोडा थांबणार आहे, कारण कौतुकाच्या भरात हा प्रश्न कुणी नीट विचारीत नाही. १९४५ साली ज्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मान वर केली, त्यांच्या घरांतही लग्नाचे चौक निघतच होते. सावकाराच्या आणि जमीनदाराच्या मारापासून त्या चौकांनी त्यांना वाचविले नव्हते. त्यांना जागे केले ते गोदावरी परुळेकरांसारख्या कार्यकर्त्यांनी आणि त्याहून अधिक त्यांनी स्वतः. ती हकीकत गोदावरीबाईंच्या १९७० साली निघालेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वाचावयास मिळते. चित्राने क्रांती होते असे म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा उशाला घ्यावे. वेठ मोडली ती माणसांनी एकत्र येऊन मोडली.

मग चित्राचे काम काय? ते पुढे निराळ्या वाटेने आले. भास्कर कुलकर्णी नावाचा एक मराठी चित्रकार होता. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात, मिथिलेतल्या बायकांनी भिंतीवरची चित्रे कागदावर काढून चार पैसे मिळवावेत या खटपटीसाठी सरकारी हस्तकला मंडळाने त्याला तिकडे पाठविले होते. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी तोच माणूस डहाणूजवळच्या गंजाड गावात आला. बायका भिंतीवर लिहीत त्या चित्रांच्या बरोबरीने त्याला तेथे एक तरुण सापडला. जिव्या सोमा मशे. १९३४ चा जन्म. लहानपणी आई गेल्यावर या मुलाचे बोलणेच सुटले होते आणि तो धुळीत बोटाने चित्रे काढून मनातले सांगत असे. लग्न असो वा नसो, तो रोज चित्र काढी. जे काम बायकांचे आणि विधीचे, ते एका पुरुषाने विधीवाचून केले. कागदावर, कापडावर त्याने जाळे टाकणारा कोळी काढला, मुंग्यांचे वारूळ काढले, शेत काढले. १९७६ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्याची चित्रे मांडली गेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली तो वारला तेव्हा ‘वारली’ हा शब्द चित्राचे नाव म्हणून देशभर रूढ झालेला होता. साहेबाच्या बंगल्यात, विमानतळावर, साडीच्या काठावर वारल्यांचा तारपानाच जाऊन बसला होता.

या यशाचे मोल मी कमी लेखीत नाही. ज्या जमातीचे नाव महाराष्ट्राच्या शिकलेल्या माणसाला धड ठाऊक नव्हते, ते या पांढऱ्या रेघांनी त्याच्या तोंडी बसविले. पण त्याचा दुसरा पैलू सांगितला पाहिजे. भिंतीवरून चित्र कागदावर उतरले आणि कागद विकत घेता येतो. घरच्या बाईचा चौक आणि बाजारातला कागद यांत चित्रकार बदलला, पाहणारा बदलला आणि मोबदला घेणारा हातही पुष्कळदा बदलला. आज शहरातला कुणीही हॉटेलवाला रंगाऱ्याकडून दोन त्रिकोणांची माणसे काढून घेतो. वारल्याला त्याचे काय मिळते? ज्या भिंतीने एका जमातीला ओळख दिली, तिचीच नक्कल करून तिला पुन्हा बाजूला सारता येते, हे येथे स्पष्ट दिसते.

राजवाड्याची भिंत आणि घरची भिंत यांच्या मधली, म्हणजे चारचौघांची भिंत आपल्याकडे आली कशी? या बाबतीत महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी एक घटना चांदवडहून फार दूर नाही अशा खानदेशात घडली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, फैजपूरला भरले. गांधीजींनी त्याच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलाविले होते आणि नंदबाबूंनी आसपास मिळणाऱ्या बांबूंचा आणि साध्या गावठी साहित्याचा उपयोग करून सारी शोभा आणली. त्यानंतर १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेत हरिपुऱ्याला त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सुमारे चारशे चित्रे केली. ढोलकरी, शिकारी, कांडणारी बाई, गायी-गुरे, सारे खेड्यातले आणि मातीच्या रंगांत. अधिवेशनाला आलेला शेतकरी मंडपात शिरला की त्याला भिंतीवर पुढारी दिसत नव्हते, तो स्वतः दिसत होता. या चित्रांत उपदेशाचा एक अक्षरही नाही. तरी राजकीय कामासाठी काढलेली इतकी प्रभावी चित्रे आपल्या देशात क्वचितच झाली असतील, असे मी म्हणेन. शेतकऱ्याला ‘तू जागा हो’ असे त्यांनी सांगितले नाही. तू येथला यजमान आहेस, असे सुचविले.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला मेक्सिकोत दिएगो रिवेरा सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर कामकरी आणि शेतकरी रंगवीत होता. त्याची एक हकीकत मोठी बोलकी आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरने त्याच्याकडून भिंत रंगवून घ्यावयास सुरुवात केली. १९३३ साली चित्रात लेनिनचा चेहरा उमटला तेव्हा मालकाने काम थांबविले आणि १९३४ च्या फेब्रुवारीत भिंतीवरचा गिलावाच फोडून टाकला. रिवेराने तेच चित्र पुन्हा मेक्सिको शहरात काढले. भिंत कुणाची, या प्रश्नाचे धनिकाने दिलेले उत्तर इतके रोखठोक आहे की त्यावर भाष्य करण्याची जरुरी नाही.

आपल्याकडच्या भिंतींवर मालकाने असा हातोडा क्वचितच चालविला. आपल्याकडे भिंती मारल्या गेल्या त्या गुळगुळीतपणाने. सरकारने भिंत ताब्यात घेतली ती साठीच्या दशकाच्या अखेरीस, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाने. पत्र्याचा साचा भिंतीला लावावयाचा, रंगाचा बोळा फिरवावयाचा, पुढच्या भिंतीकडे जावयाचे. चित्रकाराची गरजच नाही. तो त्रिकोण घराघरांत माहीत झाला हे खरे. पण त्यानंतर प्रत्येक खात्याने भिंत म्हणजे फुकट मिळालेली जाहिरातीची जागा समजून ती भरून काढली. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. अभियानाने पुष्कळ गावे खरोखरच स्वच्छ केली, ते श्रेय त्याला दिलेच पाहिजे. भिंतींवर मात्र गाडगेबाबांच्या खराट्याऐवजी सुविचार आले. आता कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. शाळेच्या कुंपणावर हातात पुस्तक घेतलेली हसरी मुलगी, दोन तळव्यांत धरलेली पृथ्वी, टपकणारा नळ आणि त्यावर लाल फुली. मुलगी नेहमी गोरी, नेहमी दोन वेण्यांची. पृथ्वी नेहमी निळी. पाणी वाचवा असे सांगणारी भिंत अशा वस्तीत उभी असते की जिथल्या बाईला मैलभर चालून पाणी आणावे लागते. तिला पाणी वाचविण्याचा उपदेश करण्याचा अधिकार या भिंतीला दिला कुणी?

या नीरसपणाचा दोष रंगाऱ्यावर टाकू नये. तालुक्याच्या गावातील पेंटर ही एक स्वतंत्र जात होती आणि तिच्याविषयी मला ममत्व आहे. दुकानाची पाटी, ट्रकची पाठ, निवडणुकीची भिंत, गणपतीची आरास, तमाशाचा पडदा आणि देवळातला हनुमान, सगळे एकाच हाताचे. अक्षराला सावली द्यावी ती यांनीच, कोपऱ्यात आपल्या नावापुढे ‘आर्टिस्ट’ लिहावे तेही यांनीच. दोन हजार सालानंतर फ्लेक्सचे फलक आले. एका रात्रीत छापून मिळणाऱ्या त्या कापडाने या माणसाची रोजी काढून घेतली. ज्याला गावातल्या प्रत्येक माणसाचा चेहरा पाठ होता असा चितारी आपण गमावला, आणि नंतर शहरांतून चित्रकार बोलावून ‘भित्तिकला महोत्सव’ भरविले, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

अर्थात महोत्सवात सगळेच टाकाऊ नसते. भर रस्त्यात काम करणाऱ्या चित्रकाराची कामाची रीत पाहिली म्हणजे त्या कलेचे मर्म कळते. तीन-चार मजली भिंत. कागदावरचा आराखडा हातभर. तो भिंतीवर न्यावयाचा तर कागदावर चौकटी आखतात, तितक्याच मोठ्या चौकटी भिंतीवर पाडतात आणि एकेक घर उतरवीत जातात. परांचीवर चढलेल्या माणसाला दिसतो तो समोरचा हातभर तुकडा. नाक काढतो आहे की डोंगर, हे त्याला कळावयाचे नाही. म्हणून तो दहा वेळा खाली उतरतो, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जातो आणि तेथून पाहतो. आणि खरी गंमत येथे घडते. समोरच्या फुटपाथवर चहाची टपरी असते. तेथे बसलेले लोक सकाळपासून पाहत असतात. ‘डावा डोळा मोठा झालाय,’ कुणीतरी सांगते. ‘हा आमच्या आजोबांसारखा दिसतो,’ दुसरा म्हणतो. घरात बसून चित्र काढणाऱ्याला असे परीक्षक मिळत नाहीत. चांगला भित्तिचित्रकार त्यांचे ऐकतो. सगळे नव्हे, पण ऐकतो. ऐकणारा आणि न ऐकणारा यांतला फरक चित्र पुरे झाल्यावर मला तरी लगेच कळतो. न ऐकणाऱ्याची भिंत सुंदर दिसते, फक्त ती कोणत्याही शहरात उचलून ठेवता आली असती.

मुंबईतील दोन उदाहरणे घेतो. रणजित दहिया हा हरियाणाच्या खेड्यातला मुलगा. घरांना रंग मारण्यापासून त्याने सुरुवात केली, पुढे कलेचे रीतसर शिक्षण घेतले आणि मुंबईच्या वांद्र्यात भिंतींवर सिनेमाचे जुने चेहरे रंगवू लागला. २०१४ साली त्याने वांद्र्याच्या टेलिफोन खात्याच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके काढले. फाळके आमच्या नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणण्यापूर्वी चित्रकला आणि छपाई यांत हात घासलेले. ज्याने भिंतीएवढ्या पडद्यावर चित्रे हलविली त्याला पडद्याएवढ्या भिंतीवर बसविण्याची कल्पना सुरेख होती. सिनेमाचे फलक रंगविणाऱ्या बुडालेल्या धंद्याला रंगाऱ्याच्या हाताने केलेला तो मुजरा होता. त्यात समाजसुधारणेचा शब्दही नव्हता आणि त्याची उणीवही भासली नाही.

दुसरे उदाहरण ससून गोदीचे. १८७५ सालची ही गोदी. पहाटे मासळीचा लिलाव, कोळणींचा गलका, कोलंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा. २०१७ च्या अखेरीस तेथे मोठा कलामहोत्सव भरला. देशोदेशींचे कलावंत आले, जुन्या गोदामांत मांडण्या झाल्या, शहरातील शिष्ट मंडळी नाकाला रुमाल लावून का होईना पण आयुष्यात प्रथमच गोदीत शिरली. एवढे श्रेय थोडे नव्हे. त्यातला मला मोलाचा वाटणारा भाग म्हणजे तेथेच राबणाऱ्या कोळी माणसांची प्रचंड छायाचित्रे भिंतींवर चिकटविली, तो. आपल्याच धक्क्यावर आपल्याच तोंडाकडे मान वर करून पाहावे लागणे ही साधी गोष्ट नाही. बाकी पुष्कळसे काम शहरातल्या रसिकांनी एकमेकांसाठी केलेले होते. महोत्सव संपला आणि बायका पुन्हा कोलंबी सोलत बसल्या. गोदीतले पाणी, शौचालय आणि मजुरी यांविषयी त्या रंगांनी काही केले नाही, अशी तक्रार कुणी केली तर ती चित्रकाराविरुद्ध मानू नये. पण चित्रकाराने ‘समाजपरिवर्तन’ हा शब्द आपल्या पत्रकात छापला असेल तर मात्र त्याला ती ऐकून घ्यावी लागेल.

आता पुन्हा चांदवड. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ या दिवशी या गावात शेतकरी संघटनेने महिलांचे अधिवेशन भरविले. आलेल्या बायकांची संख्या लाखांत सांगितली जाते. शहरातल्या सभागृहातला हा महिला मेळावा नव्हता. कांद्याच्या आणि कापसाच्या शेतांतून उठून, भाकरी बांधून घेऊन, मिळेल त्या वाहनाने आलेल्या बायका होत्या. बायकांचा मालमत्तेवरचा हक्क, त्यांची सुरक्षितता, पंचायतीच्या निवडणुकीत त्यांनी उभे राहणे हे विषय तेथे उघड्यावर मांडले गेले. शरद जोशींनी त्या निमित्ताने लिहिलेल्या पुस्तिकेचे नावच ‘चांदवडची शिदोरी’. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली आणि कित्येक गावांत शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९२ साली पंचायतींत बायकांना जागा राखून ठेवल्या, त्याच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. त्या संघटनेचे सगळे अर्थकारण मान्य असण्याची गरज नाही. मला स्वतःला ते सगळे मान्य नाही. परंतु महाराष्ट्रातल्या ग्रामीण स्त्रीच्या इतिहासात चांदवडची ती दोन दिवसांची सभा हे एक मोठे पान आहे, यात शंका नाही.

भित्तिचित्राला विषय पाहिजे ना? मग हा घ्यावा. राणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाड्यात देव आणि राजे रंगविलेले आहेत. त्यांची निगा राखली जावी, ओल काढली जावी, शाळेच्या मुलांना दरवर्षी तेथे नेले जावे, हे सांगावयास नकोच. पण त्याच गावात बाजार समितीच्या किंवा एसटी स्टँडच्या रस्त्याकडच्या एखाद्या भिंतीवर १९८६ च्या त्या बायका मला पाहावयाच्या आहेत. मुंबई-आग्रा रस्त्याने जाणाऱ्या माणसाला त्या दिसाव्यात आणि कांदा विकायला आलेल्या शेतकऱ्यालाही. त्यावर घोषणा नको, सुविचार नको, पाहुण्यांची नावे नकोत. चित्रकार बाहेरून आणावयाचा तर खुशाल आणावा. पण आधी त्याने चार दिवस गावोगाव हिंडून त्या सभेला गेलेल्या बायकांना शोधावे. त्या आता साठी-सत्तरीच्या पुढे असतील. काही गेल्याही असतील. म्हणूनच हे काम फार लांबवून चालणार नाही. त्यांना विचारावे, कशाने आलात, शिदोरीत काय होते, घरी पोरांना कुणाजवळ ठेवले होते, नवऱ्याने येऊ दिले की न सांगता आलात. कुणी ट्रंकेतून त्या वेळचा लाल बिल्ला काढून दाखवील. कुणाचे लुगडे नऊवारी होते, कुणाचे पाचवारी, रंग कोणता, कुंकू केवढे, हे सारे टिपून घ्यावे.

आणि परांची लागली, चौकटी पडल्या, चेहऱ्यांत रंग भरू लागला की या म्हाताऱ्यांना रस्त्याच्या पलीकडे खुर्च्या टाकून बसवावे. भर उन्हाचे काम; चहा लागेल. त्या गप्प बसणार नाहीत. ‘अरे बाबा, बिल्ला खांद्यावर नव्हता लावलेला, छातीवर होता,’ असे एखादी खालून ओरडेल, दुसरी तिला खोटे पाडील, दोघींचे थोडा वेळ भांडण होईल, आणि तोवर चित्रकाराने ब्रश खाली ठेवून वाट पाहावी.